राणीची सही

खोटी सही भिंगबाईंच्या नजरेतून सुटली, असं एकतीस वर्षांत एकदाही घडलं नव्हतं. एकदाही! दस्तनोंदणीच्या कचेरीत खिडकीशी त्यांचं टेबल होतं. टेबलावर टाक, शाईची दौत आणि पितळी कड्याचं ते भिंग. माणूस समोर आला की त्या आधी सहीकडे बघायच्या आणि मग माणसाकडे. "सही थरथरत नाही हो, हात थरथरतो," असं म्हणायच्या आणि समोरच्याचा हात तिथल्या तिथे लटपटायला लागायचा! भिंगबाई हे नाव कचेरीतल्या शिपायानं ठेवलेलं. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. कचेरी गेली, टाक गेला, नाव तेवढं राहिलं. भिंग गळ्यातल्या साखळीला लटकत राहिलं, आणि संशयही राहिला. फक्त आता त्याला पुरेसं खाद्य मिळेना.

"खोटं करणारा मागे काहीतरी ठेवून जातोच," हे त्यांचं ब्रीदवाक्य. स्वतः त्या कधी काही मागे ठेवत नसत. तरीही छत्री, पिशवी, चष्म्याचं घर, सगळ्यात एकेक चिठ्ठी होती: 'सापडल्यास खालील पत्त्यावर परत करावे.' खाली पत्ता आणि त्याखाली झोकदार सही.

अशा बाईपासून नवऱ्यानं काही लपवायचं, म्हणजे वाघिणीच्या गुहेत शिरून तिच्याच मिशा मोजण्यातला प्रकार! पण नकाशेकाकांनी तो केला.

नकाशेकाका म्हणजे भिंगबाईंचे यजमान. जमीनमोजणी खात्यात नकाशे काढण्यात हयात गेली. रेघ सरळ आणि माणूस रेघेहून सरळ. त्यांच्या नावावर एकच गुन्हा जमा होता: तीस वर्षांपूर्वी टीव्हीवरचं कार्टून बघताना ते रडले होते. भिंगबाईंनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तेव्हापासून घरात आलेला एकही पाहुणा ही गोष्ट ऐकल्याशिवाय परत गेला नव्हता. हुंदक्याच्या नकलेसकट! काका अशा वेळी उठून खिडकीबाहेर बघत उभे राहायचे.

तर सुरुवात झाली ती कोटाच्या कॉलरवरच्या पांढऱ्या पिसापासून.

"अहो, हे काय?"

"कबुतराचं असेल."

भिंगबाईंनी पीस भिंगाखाली धरलं. मग नाकाखाली धरलं. कबुतराच्या पिसाला डिंकाचा वास येतो होय?

दुसऱ्याच दिवशी खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाई जिन्यात भेटल्या. "काय हो, घरात काही कार्य आहे का? साहेबांनी चंदेरी सॅटिन दिलंय शिवायला. कमरेत घट्ट ठेवा म्हणाले."

"कमरेत?"

"हो तर! श्वास रोखून, पोट आत ओढून माप दिलं!"

भिंगबाई तरातरा जिना चढून वर आल्या. बेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसानं आपल्यासाठी एकदाही पोट आत ओढलं नव्हतं!

आणि तिसऱ्या दिवशी पुरावाच हाती आला. काका न्हाणीघरात नळ सोडून फोनवर कुजबुजत होते. दाराला कान लावल्यावर नळाचं काय चालणार?

"राणी नक्की येणार ना? मग मी आलोच म्हणून समजा! रविवारी, अकरा वाजता, चार नंबर. नाही, नाही, बायकोला काही कळलेलं नाही. कळूही द्यायचं नाहीये."

राणी! भिंगबाई तशाच पावली फोनकडे वळल्या. त्यांनी परगावच्या लेकीला फोन लावला.

"अगं, तुझ्या बाबांना कुणीतरी राणी सापडलीय!"

"आई, बाबांना सकाळी मोजे सापडत नाहीत. राणी कुठून सापडणार?" आणि लेक खुदकन हसली.

संशयितांच्या यादीत लेकीचंही नाव चढलं.

रविवारी काका मोठी थोरली बॅग घेऊन निघाले. "जुन्या मित्राकडे जातो," म्हणाले. बुटाची नाडी सुटली होती. त्यांना वाकवत नाही, म्हणून भिंगबाईंनीच खाली बसून ती बांधून दिली. दुहेरी गाठ मारली, आणि मनात म्हणाल्या, जा, त्या भवानीला भेटायला तरी नीट चालत जा! मग राखाडी कोट चढवला, छत्री घेतली आणि पाठोपाठ निघाल्या.

बसमध्ये काका पुढे, त्या मागे, तोंडासमोर वर्तमानपत्र.

"आजी," शेजारचा प्रवासी म्हणाला, "पेपर उलटा आहे."

"मला उलटाच आवडतो!"

काका उतरले ते एका भल्या मोठ्या प्रदर्शनाच्या सभागृहापाशी. दारावर फलक होता, 'ॲनिमे आणि कॉमिक संमेलन'. संमेलन म्हटल्यावर भिंगबाईंना वाटलं, भाषणं असतील, सतरंज्या असतील. आत पाऊल टाकलं आणि जांभळ्या केसांची मुलगी शेपटी सावरत पुढून गेली! तिच्यामागे पुठ्ठ्याची तलवार घेतलेला सांगाडा. तो सांगाडा दोन अस्वलांना म्हणत होता, "चला रे, आधी चहा घेऊ!"

काका 'पोशाख बदलण्याची खोली' असं लिहिलेल्या दारातून आत गेले. भिंगबाई खांबाआड उभ्या राहिल्या. दारातून एक भूत बाहेर आलं. एक परी आली. हातभर चोचीचा, चंदेरी पोशाखातला एक बगळा चाचपडत बाहेर आला आणि दाराच्या चौकटीला चोच आपटून "माफ करा" म्हणाला. नवरा काही बाहेर येईना. म्हणजे राणी आतच होती!

तेवढ्यात समोर एक मुलगी उगवली. डोक्यावर हरणाची शिंगं, छातीवर 'स्वयंसेवक' अशी पट्टी. तिनं भिंगबाईंचा धुक्याच्या रंगाचा कोट बघितला, गळ्यातलं भिंग बघितलं आणि टाळी वाजवून ओरडली, "सही!"

एकतीस वर्षांची सवय हो! तो शब्द कानावर पडला आणि भिंगबाईंच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "कुठे करायची?"

पोरीचे डोळे बशीएवढे झाले. "अय्या! म्हणजे तुम्हीच! आणि आम्ही सकाळपासून मागच्या दाराशी तुमची वाट बघतोय, मॅडम!"

"हळू बोल!" भिंगबाई कुजबुजल्या. नवऱ्याला ऐकू गेलं असतं तर सगळा बेत फसला असता.

"बापरे, मॅडमचा घसा बसलाय! बोलू नका हं, अजिबात बोलू नका!" आणि त्या हरणीनं त्यांना हाताला धरून चौथऱ्यावरच्या एका टेबलामागे नेऊन बसवलंसुद्धा.

भिंगबाई तिथल्या तिथे 'चूक झाली' म्हणू शकल्या असत्या. पण त्या खुर्चीतून सगळं सभागृह दिसत होतं. कपडे बदलण्याची खोली, तिकीट खिडकी, चहाची टपरी, सगळं! पहाऱ्याला याहून मोक्याची जागा कोणती? त्या गप्प बसल्या.

बसल्या तर समोर रांग! पहिल्या माणसानं एक चित्र पुढे सरकवलं आणि पेन दिलं. चित्राच्या कोपऱ्यात नमुन्याची एक सही छापलेली होती. नाव काय ते वाचता येत नव्हतं, पण सह्यांचा तो धर्मच आहे. भिंगबाईंनी चष्म्याच्या घरातून वाचायचा चष्मा काढला, नमुना भिंगाखाली धरला. वेलांटी उभी, शेवटचा फराटा डावीकडे. पहिली सही करताना अंगावर काटा आला. जन्मभर जे पाप पकडलं तेच! पाचव्या सहीला काटा बसला. तेराव्या सहीला मात्र वाटलं, ही तर छापील सहीपेक्षा सरस उतरली! लोक वाकून नमस्कार करत होते आणि भिंगबाई एक डोळा सहीवर आणि एक डोळा राणीच्या शोधात ठेवून मान हलवत होत्या.

तेवढ्यात टेबलावर खटकन चोच आपटली.

"माफ करा, लागली का? राणीसाहेब, या बगळ्याचा नमस्कार!"

आवाज ओळखीचा होता. भिंगबाईंनी टेबलाखाली वाकून बघितलं. तपकिरी बूट. डाव्या नाडीला दुहेरी गाठ!

राणीसाहेब? त्यांनी टेबलावरची पाटी हळूच स्वतःकडे वळवली. 'टेबल क्रमांक ४. धुक्याची राणी, आवाजाच्या मालकीणबाई प्रत्यक्ष भेटीला!' जिच्या झिंज्या उपटायच्या बेतानं त्या घरातून निघाल्या होत्या, ती राणी म्हणजे सध्या त्या स्वतःच होत्या!

"या मुखवट्यात चष्मा बसत नाही हो," बगळा म्हणाला. "तुम्ही मला नुसत्या धुरकट दिसताय. पण ते बरंच झालं. धुक्याची राणी आणखी कशी दिसणार? तुमचा घसा बसलाय म्हणे. तुम्ही बोलू नका, मी बोलतो. घरी मला बोलायची पाळी फारशी येत नाही."

भिंगबाईंनी ओठ घट्ट मिटले.

"तुमची ती मालिका, लोखंडी बगळ्याची, दर रविवारी संध्याकाळी लागायची. लेक एवढीशी, माझ्या मांडीवर. बायकोची बदली झालेली परगावच्या कचेरीत. दोन वर्षं! घर नुसतं खायला उठायचं. आणि प्रत्येक भागाच्या शेवटी तुम्ही बगळ्याला म्हणायचात, 'उशीर झाला तरी चालेल, पण घरी ये.' मला रडू फुटायचं. त्याच वेळी एकदा बायको सुट्टीवर आली आणि तिनं ते बघितलं. तेव्हापासून सगळ्यांना सांगते, हा कार्टून बघून रडला! सांगू दे. पण मी बगळ्यासाठी रडत नव्हतो हो."

रांगेतलं कुणीतरी मागून म्हणालं, "बगळेकाका, आवरा की!"

"आवरतो, आवरतो! एकच विनंती आहे. सही बायकोसाठी द्या. आज घरी जाऊन तिला सगळं सांगून टाकायचं ठरवलंय. पण नुसतं सांगून तिचा विश्वास नाही बसणार, ती पुरावा मागेल. आणि जरा नीट करा हं! तिला सह्यांची पारख आहे. खोटी असली तर जागच्या जागी पकडेल!"

भिंगबाईंनी पेन उचललं. समोरचं चित्र का कोण जाणे, धूसर झालं होतं. आतापर्यंतच्या सगळ्या सह्यांत ही एकच अशी उतरली, की वेलांटी वाकडी आणि फराटा लटपटलेला. सही थरथरत नाही, हात थरथरतो!

बगळा चित्र छातीशी धरून बाजूला झाला, आणि तेवढ्यात सभागृहभर एक खणखणीत आवाज घुमला.

"माझ्या खुर्चीत कोण बसलंय?"

दारात एक म्हातारी बाई उभी होती. घसा ठणठणीत, आवाज असा की सांगाड्याच्या हातातली तलवार गळून पडली! हरणाची शिंगं ताठ उभी राहिली. बगळा त्या आवाजाकडे गर्रकन वळला आणि चोचीनं टेबलावरची सगळी चित्रं, पेनं, पाटी झाडून खाली नेली. "धरा! उचला!" असा एकच गलका झाला. त्या गलक्यात भिंगबाई मागच्या पडद्यातून अशा सटकल्या, की अठराव्या वर्षीसुद्धा त्या इतक्या चपळ नव्हत्या!

संध्याकाळी काका घरी आले. बॅग कोपऱ्यात ठेवली, पिसं झटकली आणि सगळं सांगितलं. बगळा, राणी, सॅटिन, कुठे काही लपवलं नाही. भिंगबाई खाली मान घालून शेंगा सोलत राहिल्या. त्यांनी एकही उलटप्रश्न विचारला नाही, यावरूनच खरं तर काकांनी ओळखायला हवं होतं.

मग काकांनी टेबलावर दोन चित्रं शेजारीशेजारी ठेवली.

"अगं, जरा बघ. मी दोनदा रांगेत उभा राहिलो. यातली एक सही खरी आहे आणि एक खोटी. कोणती ते सांग."

भिंगबाईंनी भिंग घेतलं. डावीकडची सही ठसठशीत, मोकळी. उजवीकडची लटपटलेली. तिच्यावर त्यांनी भिंग बराच वेळ धरून ठेवलं. काका श्वास रोखून उभे होते. पोटसुद्धा आत ओढलेलं होतं!

"दोन्ही अस्सल आहेत," भिंगबाई म्हणाल्या. कारकिर्दीतला पहिला खोटा निर्वाळा!

काकांनी हळूच श्वास सोडला. कोटाच्या खिशात हात घातला आणि चित्रांशेजारी चष्म्याचं घर ठेवलं.

"हे त्या टेबलाखाली पडलं होतं. ती शिंगंवाली पोरगी पत्ता वाचून विचारत होती, या बाजूला कुणी राहतं का? म्हटलं, दे इकडे, माझ्या वाटेवरच आहे." मग घर उघडून त्यांनी आतली चिठ्ठी दाखवली. "यावरही एक सही आहे. ती मी भिंगाशिवाय ओळखली."

खोटं करणारा मागे काहीतरी ठेवून जातोच! भिंगबाईंनी भिंग हळूच खाली सोडलं.

"रागावलात?" त्यांनी विचारलं.

"छे! राणीसाहेबांवर रागावतं का कुणी?" काका समोरच्या खुर्चीत बसले, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि बायकोकडे नीट बघितलं. "पण आता एकदा ते वाक्य म्हणून दाखव की. 'उशीर झाला तरी चालेल...' म्हण ना!"

भिंगबाई लाजेनं लालबुंद झाल्या. खाकरल्या. मग शेंगांचं ताट उचलून स्वयंपाकघराकडे जाता जाता एवढंच पुटपुटल्या,

"घसा बसलाय माझा!"