उभेरावांची खुर्ची

उभेराव गरम पाण्याच्या बादलीत पाय बुडवून बसले होते आणि डोळे मिटून एकच शब्द पुटपुटत होते. "पॉम्पस... पॉम्पस... पॉम्पस..." पाणी कोमट झालं, मग गार झालं, पण अर्थ काही आठवेना.

उभेराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पत्र्याची कपाटं बनवणाऱ्या कंपनीच्या गोदामात ते माल चढवून घेत, आणि ते काम उभ्यानंच करावं लागे. ट्रक आला की उभं, ट्रक गेला की पुढच्या ट्रकची वाट बघत उभं. केस पिकले, गुडघे कुरकुरू लागले, पण बूड टेकायला जागा मिळाली नाही. गोदामाच्या कोपऱ्यात काचेची एक केबिन होती आणि तिच्यात डिस्पॅच इनचार्जची खुर्ची. फिरती, गादीची, हात टेकायची सोय असलेली. जुने इनचार्ज निवृत्त झाले, खुर्ची रिकामी झाली आणि उभेरावांना आयुष्यात पहिल्यांदाच कशाची तरी हाव सुटली.

नेमका तेव्हाच मॅनेजर साहेबांनी फतवा काढला. माल आता परदेशी जाणार, तेव्हा या खुर्चीवर बसणाऱ्याचं इंग्रजी भारीतलं पाहिजे. साहेबांनी अवघड शब्दांचं एकेक पुस्तक सगळ्यांच्या हातात ठेवलं आणि हेड ऑफिसच्या बाई येऊन तोंडी परीक्षा घेतील, असं जाहीर केलं. पुस्तक उघडताच बाकीच्यांनी खुर्चीचा नाद सोडला. उभेरावांच्या गुडघ्यांनी मात्र सोडला नाही.

"बाबा, असं घोकून डोक्यात राहणार नाही," शाळेत शिकवणारी त्यांची लेक म्हणाली. "शब्द ओळखीच्या माणसाला चिकटवा. माणूस आठवला की अर्थ आठवेल. हा घ्या, लेथार्जिक. सुस्त, ज्याला जागचं हलायचा कंटाळा येतो असा. कोण आठवतं?"

"समोरच बसलाय की, बादलीत पाय घालून!" स्वयंपाकघरातून उत्तर आलं. ते बायकोचं होतं.

"अगं, दिवसभर उभा असतो मी!"

"म्हणून घरी आल्यावर उठतच नाही ना!"

लेथार्जिक तिथल्या तिथे पाठ झाला. मग गाडी सुसाट सुटली. बडबडी ती गॅर्युलस, म्हणजे समोरच्या काकू. हट्टी तो ऑब्स्टिनेट, म्हणजे मेव्हणा. आज करतो उद्या करतो म्हणत काम पुढे ढकलणारा तो प्रोक्रॅस्टिनेटर, म्हणजे प्लंबर. आणि पॉम्पस, म्हणजे उगाच फुगलेला, स्वतःचा मोठेपणा मिरवणारा? तिथे कुणी न बोलावता मॅनेजर साहेब येऊन बसले.

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना जिन्यात काकू भेटल्या. काकूंचा तोंडाचा पट्टा सुरू झाला आणि उभेराव त्यांच्याकडे एकटक बघत, सवयीनं, मोठ्यानं म्हणाले, "गॅर्युलस."

काकू थांबल्या. असं सहसा होत नसे. "काय म्हणालात?"

उभेरावांना घाम फुटला. "इंग्रजी शब्द आहे काकू. म्हणजे... जिच्या बोलण्यात गोडवा आहे अशी."

"अग्गबाई!" काकू लाजल्या. "आमच्या ह्यांना एवढ्या वर्षांत नाही हो सुचलं."

रात्रीची जेवणं व्हायच्या आत ही बातमी वरच्या मजल्यापर्यंत पोचली होती. मग जो तो उभेरावांना गाठून विचारू लागला, "आमच्यासाठी आहे का एखादा शब्द?" थकलेल्या माणसाला खरं बोलण्याइतकी ताकद कुठून असणार? खरं बोललं की भांडण येतं आणि भांडण उभ्यानं करावं लागतं. मेव्हणा आला, त्याला ऑब्स्टिनेट म्हणजे निश्चयाचा पक्का असं सांगून झालं. प्लंबरला प्रोक्रॅस्टिनेटर म्हणजे पूर्ण विचार करूनच कामाला हात घालणारा, असं सांगितलं. तो इतका खूश झाला, की गळका नळ तसाच ठेवून ही पदवी सांगायला पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेला.

"आणि मला कोणता शब्द चिकटवलाय?" शेवटी बायकोनं विचारलं.

"इनडिस्पेन्सेबल."

"म्हणजे?"

"जिच्यावाचून पान हलत नाही अशी."

बायकोनं कमरेवर हात ठेवले. "काकूंना गोडबोली, माझ्या भावाला निश्चयी आणि मला हे! मी काय आज ओळखते तुम्हाला? खरा अर्थ काय तो सांगा."

"अगं, हाच खरा आहे!"

"राहू दे. लेकीला विचारते."

साऱ्या बिल्डिंगमध्ये त्यांनी सांगितलेला तेवढा एकच अर्थ खरा होता आणि त्याच्यावरच कुणाचा विश्वास बसेना. उभेरावांना वाईट वाटलं. अगदी मनापासून वाईट वाटलं, पण त्यासाठी उठून स्वयंपाकघरात जायचं त्राण पायांत नव्हतं.

गोदामातही तेच झालं. साहेब पाठीमागे हात बांधून, छाती काढून, कपाटं मोजत नसताना मोजल्यासारखं करत आले आणि उभेरावांच्या तोंडून निसटलं, "पॉम्पस."

"कोण? मी?"

"भारदस्त, साहेब. रुबाबदार. पुस्तकात आहे."

"असं?" साहेबांनी टायची गाठ सारखी केली. पुस्तक त्यांनीच वाटलं होतं, पण उघडायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. "छान शब्द आहे. बरा अभ्यास चाललाय तुमचा."

लेकीनं ऐकून कपाळाला हात लावला. "बाबा, हे खोटे अर्थ दहा जणांना सांगून तुमच्याच डोक्यात पक्के होतील हं."

झालंही तसंच. परीक्षेच्या सकाळी उभेरावांच्या डोक्यात खरे अर्थ आणि गोड अर्थ यांची अशी खिचडी झाली होती, की कुठला कुणाचा ते कळेना. माणसांचे चेहरे तेवढे लख्ख दिसत होते.

केबिनमध्ये हेड ऑफिसच्या बाई आणि मॅनेजर साहेब बसले होते. उभेरावांना अर्थातच उभं केलं होतं. ती खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली त्यांना दिसत होती.

"गॅर्युलस," बाई म्हणाल्या.

"गोड..." उभेराव अडखळले. "अर्थ नीट सांगता येत नाही बाई. पण माणूस सांगतो. आमच्या समोरच्या काकू. जिन्यात भेटल्या की हातातलं दूध नासतं, पण त्यांचं बोलणं संपत नाही."

बाई हसल्या. "बरोबर. प्रोक्रॅस्टिनेटर?"

"आमचा प्लंबर. नळ गळून गळून टाकी रिकामी झाली, पण तो अजून उद्या येतोच आहे."

"अगदी बरोबर! आता हा शेवटचा. पॉम्पस."

उभेरावांच्या डोळ्यांपुढे चेहरा आला. तो यायला लांब कुठे जायचं नव्हतं, बाईंच्या शेजारीच बसला होता. बोलावं तर साहेब संपवणार, न बोलावं तर खुर्ची जाणार. ते आपल्या बुटांकडे बघत राहिले.

"अहो, सांगा की! येतो तुम्हाला हा शब्द!" साहेबांनी धीर दिला. तरी उत्तर येईना, तेव्हा त्यांना राहवेना. "मी सांगतो मॅडम. पॉम्पस म्हणजे भारदस्त, रुबाबदार. आता मीच बघा ना. मी चांगलाच पॉम्पस आहे!"

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, मग उभेरावांकडे पाहिलं. "हा अर्थ कुणी सांगितला?"

"यांनीच!"

"असं होय?" बाई उभेरावांकडे वळल्या. "आणि तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं, ते नाही सांगणार?"

उभेरावांची नजर साहेबांच्या टायकडे गेली आणि झटकन परत बुटांवर आली.

"नका सांगू. कळलं मला," म्हणून बाईंनी पूर्ण मार्क दिले.

हेड ऑफिसचा निरोप आला. डिस्पॅच इनचार्ज म्हणून उभेरावांची नेमणूक झाली होती. खाली आणखी एक ओळ होती. मॅनेजरांचा शब्दसंग्रह कच्चा आहे, सबब नव्या इनचार्जनी त्यांना रोज शिकवावं.

एव्हाना साहेबांना खरा अर्थ कळला होता. पण आरडाओरडा केला असता तर तो सगळ्या गोदामाला कळला असता, म्हणून त्यांनी राग गिळला आणि शिकवणीला केबिनमध्ये आले. परीक्षेपुरत्या आणलेल्या खुर्च्या परत गेल्या होत्या, आता केबिनमध्ये खुर्ची एकच होती. साहेबांनी ती ओढली, तिच्यात ऐसपैस बसले, दोन्ही हात टेकवले आणि एकदा गोल फिरून बघितलं. उभेराव भिंतीला टेकून उभे राहिले.

"मीही तुमच्याच पद्धतीनं शिकणार," साहेब म्हणाले. "माणसाला शब्द चिकटवायचा." त्यांनी पुस्तकावरून बोट फिरवलं, मान वर केली आणि उभेरावांकडे खालपासून वरपर्यंत निरखून पाहिलं. "लेथार्जिक," ते पुटपुटले.

"काय म्हणालात साहेब?"

साहेब गोड हसले. ते हसू उभेरावांच्या चांगलं ओळखीचं होतं. "अहो, म्हणजे... शांत स्वभावाचा. मनानं स्थिर."

"थँक यू, साहेब," उभेराव म्हणाले आणि त्यांनी भार या पायावरून त्या पायावर घेतला.