डेगेतून आलेली शेळी

"हे पिंप आजच्या आज गेलं पाहिजे," पदर कमरेला खोचत विनीताबाई म्हणाल्या. "गुरुवारी नांदेडहून त्या मॅडम येणार. लोकांची भांडी आपल्या स्वयंपाकघरात कशाला?"

"पाठवते की," मुग्धा म्हणाली. "पण काकू, त्यात घालू काय?"

सगळं इथून सुरू झालं.

विनीताबाई लातूरच्या मैत्री महिला मंडळाच्या अध्यक्ष आणि मुग्धा चिटणीस. भूकंप झाला तेव्हा याच मंडळाच्या बायकांनी गावोगाव भाकऱ्या, चादरी, कंदील पोचवले होते. पुढे लातुरात कोचिंग क्लासचं वारं सुटलं. ज्याच्याकडे जास्तीची खोली होती त्याने तिच्यात खाटा टाकल्या, ज्याच्याकडे नव्हती त्याने म्हशी विकून गोठ्याला फरशी बसवली. भूकंपातल्या गावांतल्या मुलीही डॉक्टर व्हायचं म्हणून ट्रंका घेऊन आल्या. त्यांना परवडेल अशी खाणावळ मात्र कुठे नव्हती. तेव्हा विनीताबाईंनी स्वतःच्या पडवीत चूल मांडली आणि माडीवर मुलींच्या गाद्या घातल्या.

चार-पाच वर्षं बरी गेली. मग देणाऱ्यांचे हात आखडले. भूकंप जुना झाला होता. आता नांदेडच्या एका न्यासाने खाणावळीचा भार उचलला तर ठीक, नाहीतर दिवाळीनंतर मुलींना गावी परत पाठवावं लागणार होतं. आणि गावी गेलेली मुलगी परत क्लासला येत नाही, तिच्या लग्नाची पत्रिका येते, हे विनीताबाईंना चांगलं ठाऊक होतं.

न्यासाच्या मृण्मयी मॅडमनी फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, "आम्ही भाषणं ऐकत नाही. खरी गरज डोळ्यांनी बघतो आणि मगच मदत करतो."

म्हणून विनीताबाईंना स्वयंपाकघर जरा ओकंबोकं दिसायला हवं होतं. आणि तिथे उभं होतं सरजाबाईंचं पिंप. सरजाबाई औशाच्या पुढच्या एका गावातल्या रमाई महिला गटाच्या प्रमुख. त्यांच्या गावातल्या मुली इथे जेवायच्या, म्हणून त्यांनी पिंपभर ज्वारी पाठवली होती. ज्वारी संपली. पिंप परत द्यायचं. पण आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. वाटी आली तर तिच्यात निदान चिमूटभर साखर टाकून ती परत जाते.

"टाक चमचाभर साखर," विनीताबाई म्हणाल्या.

"एवढ्या पिंपात चमचाभर? गावाला पोचेपर्यंत मुंग्याच खातील."

शेवटी मुग्धाने दिवाळीसाठी केलेला चिवडा पिंपात भरला. तळ झाकावा म्हणून घालायला लागली आणि हात काही थांबेना. सरजाबाईंच्या गावचा व्यंकटी टेम्पो घेऊन रोज लातूरला यायचा. त्याने पिंप नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच पिंप तो परत घेऊन आला. सोबत एक पोतंही.

"हे काय रे, व्यंकटी?"

"शेंगा हायत बाई. सरजाकाकी म्हणली, लेकरांच्या तोंडचा चिवडा आमी फुकट खानार न्हाई."

विनीताबाईंनी कपाळाला हात लावला. सरजाबाईंचा स्वभाव त्यांना नवा नव्हता. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहत असतानाही या बाईने मदतीचे डबे चिंचा भरून परत केले होते. गावात उभं राहिलेलं तेवढं एक चिंचेचं झाडच होतं.

"आता ह्यात काहीतरी असं घाल," विनीताबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "की त्यावर त्यांना काही परत द्यावंसं वाटणार नाही."

मुग्धाने घरभर नजर फिरवली. माडीच्या जिन्याखाली मागल्या वर्षीच्या मुलींनी टाकून दिलेल्या कोचिंगच्या नोट्सचा ढीग होता. फिजिक्स, केमिस्ट्री, वनस्पतिशास्त्र. गावात पुढच्या मुलींना उपयोगी पडतील, शिवाय खाण्याची वस्तू नाही, तेव्हा परतफेडीचा प्रश्नच नाही. पिंप दाबून भरलं आणि रवाना केलं.

बुधवारी संध्याकाळी टेम्पोचा हॉर्न वाजला. मुग्धा बाहेर गेली आणि तशीच उलट पावली आत आली.

"काकू, पिंप नाही आलं."

"सुटलो बाई!"

"डेग आली आहे."

ती लग्नात गावजेवणाचा भात शिजवायची डेग होती. टेम्पोच्या मधोमध ती ठेवलेली, भोवती भोपळेच भोपळे, आणि डेगेत एक शेळी उभी. फक्त मान बाहेर. सत्काराला आलेल्या पाहुण्यासारखी ती इकडे तिकडे बघत होती.

"डेगेत कशाला घातली तिला?" विनीताबाई ओरडल्या.

"मोकळी ऱ्हायली की उडी मारती ना बाई! औशाला दोनदा धरली."

"पण शेळी का म्हणून?"

"आता तुमी समदी इद्याच पाठवली," व्यंकटी म्हणाला. "काकी म्हणली, इद्येची परतफेड शेंगांनी होत असती का? पोरी रातभर जागून अभ्यास करत्यात, दूध लागतंय त्यांना."

"अरे, उद्या पाहणी आहे! घरात इतकं सामान दिसलं तर गरज कुठून दिसणार? परत ने हे सगळं!"

"परत? काकी मला टेम्पोखाली घालंल."

असं म्हणून त्याने डेग आणि भोपळे उतरवले, शेळी खांबाला बांधली आणि तो निघून गेला. जाता जाता मागे वळून बघितलं तेव्हा दोघी बायका शेंगांचं पोतं ओढत माडीवर नेत होत्या. व्यंकटीने त्याचा आपल्या परीने अर्थ लावला.

गुरुवारी दुपारी मृण्मयी मॅडम आल्या. वय बेताचं, चष्मा जाड. स्वयंपाकघर पाहिलं. फळ्या रिकाम्या, डबे रिकामे. विनीताबाईंचा चेहरा समाधानाने उजळला. गरज अगदी चकचकीत घासूनपुसून ठेवली होती.

"मुली कुठे आहेत?"

"क्लासला गेल्यात," विनीताबाई म्हणाल्या.

मॅडम माडीवर गेल्या. तिथे ओळीने गाद्या होत्या आणि प्रत्येक गादीवर चादरीखाली कुणीतरी गोल होऊन झोपलेलं दिसत होतं.

"ह्या कोण मग?"

मुग्धा पुढे झाली. "ह्या रात्रीच्या बॅचच्या. फार जागरण होतं हो बिचाऱ्यांना."

मॅडम हळूच एका गादीशी वाकल्या. "ताप वगैरे नाही ना?" म्हणून त्यांनी चादरीवर हात ठेवला आणि झोपलेली मुलगी गादीवरून सुटली, दारातून बाहेर पडली, धडधड करत जिना उतरली आणि अंगणात जाऊन दोन भाग झाली.

मॅडम किंचाळल्या. न्हाणीघरात कोंडलेली शेळी तो आवाज ऐकून ओरडायला लागली.

"आतमध्ये कोण आहे?"

"मोलकरीण," मुग्धा म्हणाली आणि स्वतःच कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

इतक्यात दारात टेम्पो थांबला. त्यातून सरजाबाई आणि त्यांच्या गटाच्या बायका धडाधड उतरल्या. कुणाच्या हातात भाकऱ्यांची चवड, कुणाच्या डोक्यावर डाळीचं गाठोडं. व्यंकटीने गावात सांगितलं होतं की बाईंच्या घरी उद्या सरकारी साहेबीण येणार, बाई घाबरल्यात आणि सामान लपवायला लागल्यात. सामान लोक कशासाठी लपवतात, हे गावात कुणाला सांगावं लागत नव्हतं. जप्ती!

"जय भीम मॅडम!" सरजाबाई जिन्याच्या पायरीवर आडव्या उभ्या राहिल्या. "ह्या घरातल्या एका बी वस्तूला हात लावू नका. बाईंचं इथं काय बी न्हाई!"

"सरजाबाई, अहो, गप्प बसा," विनीताबाई काकुळतीला आल्या.

"तुमी खामखा घाबरू नका बाई. ही डेग आमची. शेंगा आमच्या. भोपळे आमचे. पोरी बी आमच्याच, भूकंपातल्या गावच्या. ती शेळी सुदिक माज्या घरची. बाई नुसत्या रांधून घालत्यात बिचाऱ्या. लई गरीब मानूस हाय. परवा तर खायाला काय उरलं न्हाई म्हणून आमाला पिंपात रद्दी भरून पाठवली, बगा!"

मृण्मयी मॅडमनी चष्मा पुसला. अंगणातल्या भोपळ्याकडे बघितलं, भाकऱ्यांकडे बघितलं, रिकाम्या फळ्यांकडे पुन्हा एकदा बघितलं. त्यांचे डोळे भरून आले.

"शहरातल्या संस्था खेड्यांना मदत करतात, हे रोज बघते," त्या म्हणाल्या. "पण भूकंपातून उठलेल्या बायका शहरातल्या गरजू बाईला सांभाळतायत, हे पहिल्यांदाच पाहिलं. आमचा न्यास खाणावळीचा भार नक्की उचलेल. मात्र सगळा कारभार सरजाबाईंच्या गटाच्या हातून व्हायला हवा." मग त्या विनीताबाईंकडे वळल्या आणि हळुवारपणे म्हणाल्या, "तुमची हरकत नाही ना? तुमची गरज खरी आहे ना?"

विनीताबाईंनी बोलायला तोंड उघडलं. मंडळाची स्थापना, अध्यक्षपद, मिळालेले सत्कार असं सगळं जिभेवर आलं होतं. तेवढ्यात क्लास सुटून मुली परत आल्या. पुस्तकं छातीशी धरून त्या फाटकात उभ्या राहिल्या. आपल्या ट्रंका राहणार की जाणार, एवढाच प्रश्न साऱ्यांच्या चेहऱ्यावर होता.

"फार गरज आहे हो," विनीताबाई म्हणाल्या. "काय सांगू, मॅडम, दिवसच वाईट आलेत."

मुग्धाला ठसका लागला.

मॅडमनी पर्समधून कॅमेरा काढला. न्यासाला पाठवायला फोटो हवा होता. सरजाबाई ताठ उभ्या राहिल्या आणि त्यांनी एक मोठा भोपळा पुढे धरला. विनीताबाईंनी दोन्ही हात पसरले. हात पसरल्यावर त्यांना हसू यायला लागलं. दाबलं तरी फुटू लागलं. मुलीही खुदखुदायला लागल्या.

"बाई," सरजाबाई ओठ न हलवता कुजबुजल्या, "मदतीच्या फोटूत हसायचं नसतंय. आमी पत्र्याच्या शेडात व्हतो तवा तुमीच मला सांगितलं व्हतं."

विनीताबाईंनी मुकाट्याने तोंड पाडलं.

"आता कसं! आणखी जरासं," सरजाबाई म्हणाल्या.