बायोडाट्यातलं मेटल

सत्यमने पिशवीतून काळा टी-शर्ट काढून दीपमालाच्या हातात दिला, तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. तोवर सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं. लातूरची मंडळी मुलगी बघायला वेळेवर नांदेडला पोचली होती, पोहे उरकले होते, चहा सुरू होता. टी-शर्टवर एक कवटी होती आणि तिच्याखाली झाडाच्या मुळांसारखी अक्षरं. ती कुणालाच वाचता येईनात.

"बँडचं नाव आहे," सत्यम लाजत म्हणाला. "तुमच्या बायोडाट्यात वाचलं ना, आवड : प्रोग्रेसिव्ह मेटल. अकरा वर्षं झाली मी ऐकतोय, पण लातुरात ऐकणारं दुसरं कुणी भेटलं नाही. म्हटलं, रिकाम्या हाताने कसं जायचं."

दीपमाला कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायची. उत्तर बरोबर असलं तरी एकक लिहिलं नाही म्हणून अर्धा गुण कापणारी बाई अशी तिची ख्याती होती. तिने टी-शर्टकडे पाहिलं, मग आईकडे. तुळजाबाई लगेच उठल्या.

"चहा उतू जायलाय वाटतं," असं म्हणून त्या आत पळाल्या. चहा कधीच सगळ्यांच्या कपात होता.

दीपमाला पाठोपाठ स्वयंपाकघरात गेली. "आई, मी रॉक लिहिलं होतं. प्रोग्रेसिव्ह रॉक."

"हाव गं. पोराच्या कागदात मेटल होतं. म्हणून तुझं रॉक काढलं, मेटल टाकलं. प्रोग्रेसिव्ह तसंच ठेवलंय की!"

"का पण?"

"जुळावं म्हणून. तुम्ही पोरी लग्न झाल्यावर जुळवून घेता, मी आधीच जुळवून ठेवते. परभणीच्या डॉक्टरला लोणच्याचा नाद होता, त्याला लोणचं लिहून धाडलं."

"म्हणून तो मला कैऱ्या किती दिवस मुरवायच्या ते विचारत होता?"

"अन् फौजेतला होता, त्याला गिर्यारोहण."

"मी गिर्यारोहण करते?"

"शाळेच्या सहलीत रत्नेश्वरीच्या डोंगरावर चढली नव्हतीस का?" तुळजाबाईंनी आवाज खाली आणला. "दीपू, बत्तिसावं लागलंय तुला. पोरगं चांगलं हाय, तंत्रनिकेतनात शिकवतंय. एवढं मेटल पदरात घे. लग्न झाल्यावर हळूच रॉकवर ये."

मुलगा चांगला आहे हे दीपमालालाही दिसत होतं. तो चहा पिताना बोलत नव्हता आणि बोलताना तिच्याकडे बघत होता. अडचण तीच होती. तो आवडला नसता, तर एखादं खोटं खपवून घ्यायला तिची हरकत नसती. पण ज्याच्याशी जन्म काढायचा, त्याच्या समोर पहिल्याच दिवशी नकली आवड घालून बसायचं तिला जमणार नव्हतं. ती बाहेर आली आणि तिने टी-शर्टची नीट घडी करून ती सत्यमसमोर ठेवली.

"हा मला घेता येणार नाही. मी मेटल ऐकत नाही. रॉक ऐकते. तो शब्द माझा नव्हता."

सत्यमचा चेहरा पडला. त्याच्या आईचा, धुरपताबाईंचा, मात्र एकदम सावध झाला.

"म्हंजे बायोडाटा खोटा हाय?"

"एकच शब्द, ताई," दीपमालाचे वडील हणमंतराव घाईने म्हणाले. ते जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते आणि त्यांनी जन्मात एकही भांडण पुरतं होऊ दिलं नव्हतं.

"एक शब्द सापडला, गुरुजी. न सापडलेले किती हायत?"

मग तपासणी सुरू झाली. जन्मतारखेसाठी आधार कार्ड आलं. एम.एस्सी.ची गुणपत्रिका आली. धुरपताबाईंनी ती उजेडात धरून तिच्यावरचा शिक्का बोटाने घासून पाहिला. उंची पाच फूट चार इंच लिहिली होती. शिलाई मशीनवरचा टेप आणून दीपमालाला दाराच्या चौकटीशी उभं केलं, तर ती पाच फूट अडीच इंच भरली.

"तुम्ही केस धरले न्हाईत," तुळजाबाई म्हणाल्या.

"दीड इंच केस?"

"एकशे एकोणसाठ सेंटिमीटर," दीपमाला चौकटीला पाठ लावूनच म्हणाली. "मी आईला हेच सांगितलं होतं. तुम्ही मोजताय ते बरोबर आहे."

आपली मुलगी आपल्याच विरुद्ध साक्ष देते आहे, हे बघून तुळजाबाई मटकन खाली बसल्या.

एवढ्या वेळात सत्यमचं टेपकडे लक्षच नव्हतं. "पण मेटल का नाही?" त्याने विचारलं.

"तुम्ही पहिल्या सेकंदाला सगळा आवाज ओतून मोकळे होता. मग पुढे वाढवायला उरतं काय? रॉकमध्ये गाणं हळू उभं राहतं. मधे शांतता असते. ती शांतताही वाजवलेली असते."

सत्यमचे वडील मल्लिनाथ आता पुढे सरसावले. लातूरजवळच्या मुरुडच्या भजनी मंडळात ते तीस वर्षं पखवाज वाजवत होते, आणि उंचीपेक्षा हा मामला त्यांना जास्त महत्त्वाचा वाटला. "नुसतं बोलून काय कळतंय? लावा की दोन्ही. होऊन जाऊ द्या दूध का दूध."

स्पीकर आला. आधी दीपमालाने तिचं गाणं लावलं. लांबी बावीस मिनिटं चाळीस सेकंद. चार मिनिटांनी मल्लिनाथांनी विचारलं, "सुरू कधी होतंय?"

"सुरू आहे."

"बरं."

सातव्या मिनिटाला बासरी आली, नवव्या मिनिटाला धुरपताबाईंना डुलकी आली. मल्लिनाथांची बोटं मात्र मांडीवर हलायला लागली होती. "सात मात्रा हायत बघा. अन् मधीच एक पाचाची फेरी टाकली लबाडानं. ध्यान न्हाई दिलं तर चुकतोय माणूस."

दीपमालाला फार बरं वाटलं. ती पाचाची फेरी तिच्याशिवाय या घरात आजवर कुणी ऐकली नव्हती.

मग सत्यमने त्याचं लावलं. पहिल्या ठोक्याला शोकेसमधले कप थरथरले आणि धुरपताबाई दचकून जाग्या झाल्या. "काय पडलं? कोण पडलं?"

"तुझ्या पोराचं गाणं हाय," मल्लिनाथ म्हणाले.

"छान हाय!" तुळजाबाई कानांवर पदर दाबून ओरडल्या. झालेलं नुकसान भरून काढायची त्यांना ही एकच वाट दिसत होती. "लई गोड हाय!"

"हेबी सातातच हाय की," मल्लिनाथ बोटं मोजत म्हणाले. "फक्त हा वाजवणारा अशा घाईत हाय, जशी शेवटची एसटी सुटायलीय."

हणमंतरावांनी ही संधी पकडली. "सात अन् सात! मग भांडण कशाचं? हे बघ बेटा, म्हण की दोन्ही आवडतं. एक वाक्य. तेवढ्यानं कुणाचं काय झिजतंय?"

सगळे दीपमालाकडे पाहू लागले. धुरपताबाईंनीही गुणपत्रिका खाली ठेवली. एक वाक्य बोललं की पेढ्यांचा डबा उघडणार, हे स्पष्ट होतं.

"नाही आवडत, बाबा. डिस्टिल्ड वॉटर आणि सल्फ्युरिक अ‍ॅसिड दिसायला सारखंच असतं. तेवढ्यावरून मी दोन्ही पीत नाही."

धुरपताबाईंनी मुलाच्या बरगडीत कोपर घातलं. "तूच म्हण मग. पोरगी शिकलेली हाय, खरं बोलणारी हाय. सोड ते बडवणं."

सत्यमने टी-शर्टकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, एक सुस्कारा सोडला. "ठीक आहे. मी मेटल सोडतो. रॉक ऐकेन."

हणमंतरावांनी डोळे मिटून हात जोडले. तुळजाबाई पेढ्यांच्या डब्यासाठी धावल्या. मल्लिनाथ तेवढे मुलाकडे जरा विचित्र नजरेने बघत राहिले.

"मग मला हे स्थळ नको," दीपमाला म्हणाली.

डब्याचं झाकण तुळजाबाईंच्या हातातून निसटलं आणि फरशीवर बराच वेळ गोल फिरत राहिलं.

"आता काय झालं तुला?" हणमंतरावांनी आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला. "तुझंच खरं केलं की त्यानं!"

"अकरा वर्षं ऐकलेली गोष्ट एका कोपरासरशी सुटत असेल, तर ती आवड कसली? उद्या दुसरं कोपर बसलं की मीही सुटेन. माझ्याशी जुळवून घेणारा माणूस नकोय मला. आमच्याकडे तो उद्योग आधीच एकीने करून ठेवलाय."

सत्यम ताडकन उठला. कान लाल झाले होते. "मग ऐका! तुमचं रॉक म्हणजे लग्नाला बोलावून चार तास नुसतं सुपारीवर बसवणं आहे! बासरी कशाला? त्याच्या हातून गिटार निसटली म्हणून? बावीस मिनिटांत कामाची सहा आहेत, बाकी सगळं तंबोरे लावणं! अन् मेटलमध्ये शांतता नाही म्हणता? दोन ठोक्यांच्या मधे असते ती. ऐकायला कान लागतात. मी सोडणार नाही. कुणासाठी सोडणार नाही!"

"गेलं," तुळजाबाई पुटपुटल्या. "हेबी गेलं."

दीपमाला मात्र खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. सकाळपासून पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. "सहा नाहीत, साडेअकरा. आणि दोन ठोक्यांच्या मधली शांतता किती मिलिसेकंद असते, ते मोजून दाखवा."

"दाखवतो. पण या डबड्यावर नाही. माझा मोठा स्पीकर लातूरला आहे."

"ठीक आहे. मग येत्या रविवारी मी लातूरला येते," दीपमाला म्हणाली. "मुलगा बघायला."

मल्लिनाथांना ठसका लागला. धुरपताबाईंनी पदर सारखा केला आणि तिला वरपासून खालपर्यंत, एकशे एकोणसाठच्या एकशे एकोणसाठ सेंटिमीटर, न्याहाळलं.

"आमच्यात अशी पद्धत न्हाई, पोरी."

"आमच्यातही नव्हती."

धुरपताबाईंनी एक पेढा उचलून तोंडात टाकला.

"रविवारी न्हाई जमायचं," त्या म्हणाल्या. "रविवारी आमच्याकडं आठ दिवसांनी नळाला पाणी येतंय. सारे घागरी भरण्यात असतो. शनवारी ये."