दहीभाताचं आंदोलन

आमचे शेजारी वासुदेवभाऊ आंदोलनाला बसत नाहीत, जेवायला बसवतात. तेही सरकारी साहेबांना, भर दुपारी, रस्त्याला लागून असलेल्या अंगणात.

गडचांदूरच्या आमच्या रस्त्यावरून चुनखडीचे ट्रक उघडेच पळायचे. धुळीने भाऊंच्या पत्नी यशोदावहिनींचा दमा वाढला आणि त्या ब्रह्मपुरीला लेकीकडे राहायला गेल्या. "बरं झालं, आता टीव्ही माह्या हातात," भाऊ म्हणाले. टीव्ही लागलेला मात्र आम्हाला कधी ऐकू आला नाही.

मोहल्ल्यातल्या पोरांनी धुळीच्या निषेधार्थ चौकात टायर जाळला. भाऊ नाक धरून तिथे पोचले. "धूळ कमी पडून राह्यली काऊन, तर धूर करता?" म्हणत त्यांनी बादलीभर पाणी ओतलं. मग समजावलं, की तहसीलसमोर ओरडून काही होणार नाही. माल झाकायचा नियम आहेच. तो पाळायला लावणारं खातं वेगळं आहे.

मला ट्रक मोजायला बसवलं. मी उघडे तेवढे मांडले. भाऊ तडकले. "झाकलेले कुठी गेले? ते लपवले तर बाकीचेबी खोटे ठरतीन ना!" माझ्यासारख्या हिशेबी माणसाला हे ऐकावं लागलं! पुन्हा मोजले.

तो आकडा आणि जेवणाचं आमंत्रण घेऊन भाऊ त्या खात्यात गेले. साहेब खरंच आले. पळसाच्या पत्रावळीवर नुसता दहीभात पाहून मी कुजबुजलो, "भाऊ, वांग्याची भाजी तरी करायची."

"भाजीवर धूळ लपते. दह्यावर दिसते."

ट्रक धडधडत गेले. साहेबांनी घास उचलला, न्याहाळला, खाली ठेवला.

"घ्या ना साहेब, आमी रोजच खाऊन राह्यलो," भाऊ अगदी मनापासून आग्रह करत होते.

थोड्याच दिवसांत नाक्यावर तपासणी लागली. ट्रक ताडपत्री बांधून येऊ लागले. पोरं गुलाल घेऊन भाऊंकडे धावली. "ठेवा तो! तोबी उडते!"

पोरं पांगल्यावर भाऊंनी फोन लावला. "अवं, ट्रक झाकले. नाई, घाई नाई. तुले सवड असन तवा ये. माहं मस्त चालू हाय."

फोन ठेवला. मग खाटेखाली चपला शोधत मला म्हणाले, "भाऊ, ब्रह्मपुरीची गाडी कवा हाय?"

"तिकडून येणारी ना?"

"येणारी काऊन? जाणारी. तिची बॅग जड रायते."