कायोटीसाठी बेसनलाडू

जनार्दनकडे बंदूक होती, लायसन्स होतं, शिकाऱ्याची नारिंगी टोपीसुद्धा होती. नव्हती ती फक्त कायोटी, म्हणजे इथला कोल्ह्या-लांडग्याच्या मधला प्राणी, मारायला जमीन. कॅनडातल्या एडमंटनच्या गल्लीत बार काढला तर कायोटीआधी पोलीस येतात. गावाबाहेर शेतं रग्गड, पण प्रत्येकाला मालक, आणि त्याच्या दारात उभं राहून परवानगी मागायची.

"मागायची म्हणजे? एकदम सरळ?" जनार्दनने विचारलं.

"मग काय, आधी पत्रिका जुळवून?" शेजारचा सूर्यकांत म्हणाला. त्याने जन्मात झुरळ मारलं नव्हतं, पण सल्ला तयार. "दार वाजव, हाय म्हण, कायोटी मारू का विचार. संपलं!"

कायोटीने ठमीला नेलं होतं. ठमी ही चित्राची, म्हणजे जनार्दनच्या बायकोची, मांजर. चित्रा जानेवारीत गेली, ठमी एप्रिलमध्ये. चित्राचा सूड कुणावर घ्यायचा हे डॉक्टरांनाही सांगता आलं नव्हतं. ठमीचा निदान घेता येण्यासारखा होता.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी तो शेतावरच्या एका घरी पोचला. परक्याकडे रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून झाकणावर चित्राचं नाव कोरलेल्या स्टीलच्या डब्यात बेसनलाडू नेले. स्वतः वळलेले. बंदुकीत घातले असते तर गोळीची गरज नव्हती.

दार उघडलं ते सत्तरीच्या जेम्सने. एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा.

"यस?"

आता गेल्या गेल्या काम काढायचं म्हणजे निर्लज्जपणाच की! जनार्दन म्हणाला, "थंडी यंदा लवकर पडली."

जेम्सने आभाळाकडे पाहिलं. "पडली खरी. आत ये."

कॉफी झाली, पीकपाणी झालं, दोघांचे गुडघे झाले. "येतो" म्हणून जनार्दन निघाला आणि हायवेला लागल्यावर त्याला आठवलं, कायोटीचं राहिलं. डबाही राहिला.

पुढच्या रविवारी तो डबा आणायला गेला. डबा लख्ख घासलेला, आत सहा अंडी. आता अंडी आलेला डबा रिकामा कसा परत पाठवायचा? तिसऱ्या रविवारी चकल्या गेल्या, बिटाचं लोणचं आलं. चौथ्या रविवारी जनार्दन कुंपणाची तार ताणून धरून उभा होता.

"विचारलंस?" सूर्यकांतने गाठलंच.

"अरे, त्याच्या हातात हातोडी होती. तेव्हा कसं विचारणार?"

"तोवर तो कायोटी म्हातारा होऊन मरेल! तू आपला थेट तेराव्याला जा."

तेराव्याचं नाव तोंडून निघालं आणि सूर्यकांतने जीभ चावली.

सहाव्या रविवारी जेम्सनेच विषय काढला. "जनार्दन, ते पुस्तक कधी काढणार?"

"कसलं पुस्तक?"

"तुझ्या धर्माचं. दार वाजवून इतकं गोड बोलणारे धर्मप्रचारकांशिवाय दुसरे कोण असतात? मी पहिल्याच दिवशी ओळखलं." त्याने चष्मा लावला. "हे बघ, माझं ठरलंय. येतो मी तुमच्यात. कुठे सही करायची दाखव. अट एकच, रविवारी येत जा. माझी बायको रोझलिन गेल्यापासून तू बसलायस त्या खुर्चीत कुणी बसलं नव्हतं."

जनार्दनने कप खाली ठेवला. "मी... मी कायोटी मारायला परवानगी मागायला आलो होतो."

जेम्स हसत सुटला. हसता हसता डोळे पुसले, आणि हसू थांबलं तरी पुसतच राहिला.

"कायोटीने काय केलं तुझं?"

"मांजर नेली. बायकोची." आणि मग जे सूर्यकांतला सांगितलं नव्हतं, फोनवर मुलीलाही नाही, ते जनार्दनच्या तोंडून निघालं. "दार मी उघडं टाकलं होतं. बायकोची उरलेली औषधं टाकायला बाहेर गेलो होतो."

जेम्सने कागद ओढला, परवानगी लिहिली, खाली सही ठोकली.

"घे. पण चार वर्षांत इथे एकही कायोटी दिसलेला नाही, हं."

"मग?"

"मग दबा धरून बसावं लागेल," जेम्स म्हणाला. "बरेच रविवार."

जनार्दनने कागदाची घडी करून डब्यात ठेवली, चित्राच्या नावाचं झाकण घट्ट लावलं आणि कोट चढवला. डबा टेबलावरच राहिला. या वेळी तो मुद्दाम विसरला होता.