काका हाय? काकू हाय?

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघं ओट्यावर बसून लसूण सोलत होतो. मी गड्डे फोडायचे, कौसल्येनं पाकळ्या सोलायच्या, अशी आमची वाटणी. नऊ वाजले आणि भिंतीपलीकडं लोखंडी बादली पालथी घातल्याचा आवाज आला. मग भिंतीवर एक डोकं उगवलं.

"काका हाय?"

"हाय," कौसल्या म्हणाली.

"काकू हाय?"

"हाय रे बाबा, हाय."

"बरं." डोकं मावळलं.

"काय हे रोजचं येड्यावानी," मी म्हणालो. "समोर दोघं बसलोत, दिसत न्हाई का त्याला?"

"तुमी एकदा तरी उत्तर द्या की. तोंड झिजतंय का तुमचं?"

मी पुढचा गड्डा फोडला.

तर हा सूर्यवंशी. आमचा शेजारी. ती भिंत मी बांधलेली. मी गवंडी माणूस, चौथीतून शाळा सोडली. भूकंपानंतर गावोगाव पुनर्वसनाची घरं बांधली, ते काम सरल्यावर क्लासच्या पोरांची होस्टेलं. लातुरात बाहेरगावची पोरं शिकायला यायला लागली तशी आमची गल्ली वर वर चढत गेली. शेजारी तीन मजली होस्टेल उभं राहिलं तेव्हा कुणी डोकावू नये म्हणून मी पुरुषभर उंच भिंत घातली. आठ वर्षांमागं त्या होस्टेलच्या तळमजल्यावर हा राहायला आला. बादली घेऊन.

नांदेडला विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअर झालेला. काम मोबाईलच्या कंपनीचं, पण करायचा घरी बसूनच. एकदा चहाला आला तेव्हा कौसल्येनं विचारलं, "दिवसभर त्या डब्यात बघून करतोस तरी काय?" त्यानं दोन बशा समोर मांडल्या.

"ह्या दोन मशीनी, काकू. तुमी मोबाईलवर नेट लावलं की हिच्यात तुमची नोंद होते, आन तिच्यातबी. मधीच तुमचा फोन बंद पडला. हिनं नोंद पुसली. तिला पत्ताच न्हाई, ती बसली तुमची जागा अडवून. म्हून तिनं अधूनमधून हिला इचारायचं, काकूचं अजून चालू हाय का? हाय म्हणली तर ऱ्हाऊ द्यायचं. न्हाई म्हणली तर पुसायचं. मंग पुसावंच लागतं."

"आन ही बोललीच न्हाई तर?" मी आपलं खोडी काढायला विचारलं.

त्यानं बोट वर केलं. "तर पुसायचं न्हाई, काका. गप बसणं म्हंजे न्हाई नव्हं. जरा थांबून परत इचारायचं."

"हे मशीनीचं झालं. माणसाला डोळे दिलेत ना देवानं?"

"डोळ्याला दिसतंय ती आपल्याकडची नोंद. त्यांच्याकडं काय हाय?"

हे त्याचं पालुपद. आपल्याकडची नोंद, त्यांच्याकडची नोंद. क्लासवर 'प्रवेश चालू' अशी पाटी दिसली की आत शिरून विचारणार, खरंच चालू हाय का पाटी गेल्या सालची हाय? दोन क्लासवाल्यांनी त्याला वैतागून पाट्या उतरवल्या.

एकदा आम्ही तिघं शिरूर अनंतपाळला एका लग्नाला निघालो. गाडीला पाटी शिरूर अनंतपाळची. मी आत जाऊन खिडकी धरली, मांडीवर आहेराची पिशवी. हा खाली उभा राहून कंडक्टरला विचारतोय, "शिरूर अनंतपाळलाच चालली ना?"

"वाचता येत न्हाई का साहेब तुमाला?"

"पाटी ही तुमच्याकडची नोंद झाली. डायव्हरला इचारा की."

मला लाजेनं मान वर करवेना. कंडक्टर तणतणत पुढं गेला. डायव्हर तंबाखू मळत होता. म्हणाला, "मी तर औशाला चाललोय." पाटी आधीच्या फेरीची! सगळी गाडी शिव्या देत उतरली, आणि शेवटी मी. कौसल्या फलाटावर पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

"खिडकी मिळाली का?" ती पुढं वर्षभर मला विचारायची.

त्याचं स्वतःचं लग्नही ह्याच पायी मोडलं. पोरगी उदगीरची, सुपारी फुटलेली. हा दर सोमवारी सासऱ्याला फोन करायचा, "ठरलेलं कायम हाय ना?" चौथ्या सोमवारी सासरा ओरडला, "आता न्हाई!" हा कौसल्येला सांगायला आला. तोंड पडलेलं, पण म्हणतो कसा, "न्हाई तर न्हाई, काकू. निदान नीट सांगितलं तरी."

"लेका, तुला माणसात ठिवावं का त्या मशीनीत?" मी म्हणालो. कौसल्येनं मला डोळे वटारले आणि त्याला जेवायला वाढलं.

त्याच रात्री अंथरुणावर तिनं मला सांगितलं. जेवताना तो बोलला होता. भूकंपात तो नऊ वर्षांचा होता. ढिगाऱ्यातून काढून त्याला दूरच्या दवाखान्यात नेलं. इकडं गावात मेलेल्यांच्या यादीत त्याचं नाव लागलं. आईनं यादी वाचणाऱ्याच्या तोंडून ते नाव ऐकलं आणि तिथंच मटकन बसली. दवाखान्याच्या यादीत तो जिता, गावच्या यादीत मेलेला. आठ दिवस ह्या यादीनं त्या यादीला विचारलं नाही. आठव्या दिवशी आई भेटली तर ती आधी त्याला ओळखेचना. "आता ती माय बी न्हाई," कौसल्या म्हणाली. "त्याला इचारायला कुणी हाय का? म्हून तो आपल्याला इचारतो."

मी ऐकलं आणि कूस बदलली. तरी भिंतीवरच्या डोक्याला उत्तर काही दिलं नाही. ते कौसल्येचं काम होतं.

त्या दिवशी लसूण सोलून झाला. दुपारी, जरा पडते, म्हणाली आणि परत उठली नाही. संध्याकाळी तिला नेलं. खांदा द्यायला सूर्यवंशी होता, अनवाणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर पाहुण्यांनी भरलेलं. मी ओट्यावर बसलेलो. बाजूला सोललेल्या लसणाची वाटी, कुणी उचललीच नव्हती. नऊ वाजले. बादलीचा आवाज आला.

"काका हाय?"

"ह्या मेल्याला काळवेळ हाय का न्हाई!" माझी मेहुणी आतून ओरडली.

मी गप्प. म्हटलं, जाईल कंटाळून. मलाही टाक म्हणावं पुसून, एकदाचं सुटलं.

जरा थांबून परत, "काका हाय?"

मी फरशीकडं बघत राहिलो.

तिसऱ्यांदा त्याचा आवाज चिरकला. "काका... हाय?"

"हाय," मी म्हणालो. आठ वर्षांत पहिल्यांदा.

मग मी मान वर केली. आता दुसरा प्रश्न येणार होता, आणि कौसल्या नव्हती, तेव्हा उत्तर मलाच द्यावं लागणार होतं. ते मी ओठाशी आणून ठेवलं. सूर्यवंशीनं माझ्याकडं बघितलं. लसणाच्या वाटीकडं बघितलं. त्याचे ओठ हलले.

दुसरा प्रश्न त्यानं विचारलाच नाही.

"बरं," म्हणाला, आणि बादलीवरून खाली उतरला.