फाइल दुलीचंदकडे आहे

किरनापूरच्या एका घराचा जिना थेट बाथरूममध्ये उतरला आणि त्या दिवसापासून चंद्रशेखर साहेबांच्या डिझाइन ऑफिसात नियम आले.

बालाघाटच्या त्या ऑफिसात दुलीचंद हा सगळ्यांत जुना ड्राफ्ट्समन. नकाशा बदलला की तो नवीन फाइल करायचा आणि मनाला येईल ते नाव द्यायचा. आधी 'फायनल', मग 'फायनल नवीन', मग 'फायनल पक्का'. किरनापूरच्या मिस्त्रीने 'फायनल पक्का' उचलली. खरी शेवटची 'फायनल नवीन' होती. हे फक्त दुलीचंदला माहीत होतं आणि तो त्या दिवशी सासुरवाडीला गेला होता.

साहेब त्याला रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नागपूरला शिकून आलेल्या संघमित्राला बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "आजपासून संघमित्रानं पाहिल्याशिवाय एकही ड्रॉइंग बाहेर जाणार नाही."

संघमित्राला ऑफिसात येऊन वर्षही झालं नव्हतं. तिने नियम केले. अक्षरं एकाच मापाची. पडद्यावर भिंतींचा लेअर, म्हणजे थर, वेगळा, दरवाज्यांचा वेगळा. फाइलला नंबर, आणि काही बदललं तर कोणी बदललं नि का, ते लिहायचं. दुलीचंदची पहिलीच ड्रॉइंग परत आली.

"काकाजी, दरवाजे त्याईच्या लेअरमध्ये टाका ना," ती म्हणाली.

"तुले दरवाजा दिसून राह्यला ना?"

"हौ, दिसते."

"मंग झालं तं."

"पण उद्या दरवाजा काढाचा म्हटलं, तं त्याच्यासंगं भिंतबी जाईन."

तिचं बरोबर होतं. म्हणूनच दुलीचंदला ते जास्त झोंबलं. त्यातून साहेब हल्ली चहाचा कप घेऊन तिच्या टेबलाशी उभे राहायचे. याआधी तो कप दुलीचंदच्या टेबलावर रिकामा व्हायचा.

घरी त्याने पोळी अर्धीच ठेवली. "काहून?" त्याच्या बायकोने, जिजाबाईने विचारलं. "ऑफिसात कोणी बोललं का तुमाले?"

"मले कोणी काही बोलतच नाही," दुलीचंद म्हणाला. "सारे तिच्यासंगंच बोलतात."

जिजाबाईने ती कोण, हे विचारलं. संघमित्राचं पोरीएवढं वय ऐकल्यावर ती निर्धास्त झाली आणि अर्धी पोळी उचलून घेऊन गेली. तेही दुलीचंदला लागलं.

मग त्याला एक शोध लागला. नव्या पद्धतीत एक फाइल एका वेळी एकालाच बदलता यायची. दुसऱ्याने उघडली की पडद्यावर यायचं, 'फाइल दुलीचंदकडे आहे.' त्याने लांजीच्या फकिराभाऊंच्या मंगल कार्यालयाची फाइल उघडली आणि नुसती उघडी ठेवली. थोड्या वेळाने पलीकडून संघमित्राचा आवाज आला, "काकाजी, लांजीची फाइल तुमच्याकडे हाय का?"

"हौ. काम चालू हाय."

किती दिवसांनी त्याला चहा गोड लागला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. फकिराभाऊंचा फोन आला होता, स्वयंपाकघराचा दरवाजा स्टेजकडे उघडतो, तो मागे घ्यायचा होता. "चालू हाय," दुलीचंद म्हणाला. तिसऱ्या दिवशीही त्याचं काम चालूच होतं. बदलाच्या रकान्यात तो 'निरीक्षण' लिहायचा, मग 'पुन्हा निरीक्षण'.

शनिवारी किरनापूरला त्याच्या पुतण्याचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. सुट्टी मागितली असती तर फाइल सोडावी लागली असती. म्हणून त्याने सकाळी ऑफिसात तोंड दाखवलं, कॉम्प्युटर चालू ठेवून त्याला पासवर्ड लावला आणि मोटरसायकलवर बसून गेला.

तो टोपी घालून, टिळा लावून पहिल्या पंगतीत बसला होता. समोर बासुंदी आली आणि फोन वाजला. साहेब होते.

"दुलीचंद, कुठं आहेस?"

"ऑफिसातच आहो साहेब. खाली चहा प्यायले आलतो."

"खाली कुठं?"

"टपरीवर."

"मी टपरीवरच उभा आहे," साहेब म्हणाले.

नेमका मागे बँड सुरू झाला. दुलीचंदने फोन छातीशी धरला, मग पुन्हा कानाला लावला. "मंग मी दुसऱ्या टपरीवर असन साहेब."

साहेबांनी एक उसासा टाकला. फकिराभाऊ स्वतः मिस्त्रीला घेऊन आले होते. सोमवारी पाया खणायचा होता. "तू कुठंही अस. फक्त पासवर्ड सांग. संघमित्रा कॉम्प्युटरसमोर बसली आहे."

पासवर्ड त्याने रागाच्या भरात ठेवला होता. तो होता 'मॅडमवापसजाव'.

"पासवर्ड फोनवर सांगणं नियमात बसत नाही साहेब," तो म्हणाला. "मीच येतो."

बासुंदी तशीच ठेवून तो निघाला. ऑफिसात शिरला तेव्हा टोपीवर धूळ होती आणि घामाने टिळा नाकापर्यंत आला होता. तो सरळ खुर्चीवर बसला, एका हाताने आडोसा करून पासवर्ड टाकला आणि फाइल पुढे आली.

"तो दरवाजा पहिले काढा भाऊ," फकिराभाऊ म्हणाले. "या कार्यालयात पहिलं लगन आमच्या पोरीचं, श्रुतिकाचं हाय. इकडं अंतरपाट धरला अन् तिकडून आचारी भाताचा मोठा गंज उचलून आला, तं बरं दिसन का?"

दुलीचंदने दरवाजा पुसला. दरवाजा गेला आणि त्याच्यासोबत मागची सगळी भिंत गेली.

"भिंत काहून काढली?" मिस्त्रीने विचारलं.

"हवा खेळते," दुलीचंद म्हणाला.

संघमित्रा शेजारी येऊन उभी राहिली. हळू आवाजात सांगत गेली तसतसा तो करत गेला. भिंत परत आली, दरवाजा मागच्या बाजूला गेला, खाली कारण लिहिलं गेलं. मग साहेबांनी तो प्रश्न विचारला, ज्याची दुलीचंद किरनापूरपासून वाट पाहत होता.

"तीन दिवस ही फाइल तुझ्याकडे कशाला होती?"

"मीच म्हटलं होतं साहेब," संघमित्रा म्हणाली. "काकाजींची एकदा नजर फिरू द्या म्हणून."

ही पोरगी चांगलीही निघावी, हे दुलीचंदला फारच जड गेलं.

फकिराभाऊ मात्र त्याच्या टिळ्याकडे पाहत होते. "साक्षगंधातून उठून आला हा माणूस. आमच्या एका दरवाज्यासाठी," ते साहेबांना म्हणाले. "असा माणूस कामावर ठेवाले नशीब लागते."

साहेब विचारात पडले. सोमवारी त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की आता ड्रॉइंग तपासायचं काम दुलीचंद करेल आणि मंगल कार्यालयाच्या गॅलरीचा जिना संघमित्रा काढेल.

दुलीचंदने चोरून संघमित्राकडे पाहिलं. तिचा चेहरा पडायला हवा होता. ती हसत होती.

"सुटली मी काकाजी," ती जवळ येऊन म्हणाली. "तुमची ड्रॉइंग वापस करणं जिवावर ये माह्या. लोक तुमचं नाव विचारत येतात, अन् ऑफिसातले मले पाहून कागद लपवतात. लय जळत होती मी तुमच्यावर."

आपल्यावर कोणी जळत असेल हे इतक्या दिवसांत दुलीचंदच्या मनातही आलं नव्हतं. आधी कळलं असतं तर त्याने ते दिवस नीट उपभोगले असते.

तो आता दिवसभर दुसऱ्यांच्या अक्षरांची मापं पाहू लागला. आठवड्याने संघमित्राचा जिना त्याच्याकडे आला. त्याने तो मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला, जेवून आल्यावर पुन्हा पाहिला. एकही चूक नव्हती. वळणावर तर तिने अशी सोय केली होती, की नवरी शालू न उचलता उतरली असती. हे त्याला कधी सुचलं नव्हतं. त्याने जिना पास केला आणि लांजीला पाठवला.

दोन दिवसांनी ऑफिसचा फोन वाजला. दुलीचंदने उचलला.

"दुलीचंदभाऊ, फकिरा बोलतो. ते जिनावाल्या मॅडमले द्या ना जरा. लय सुंदर काढला जी जिना. आमच्या साडभावालेबी घर बांधाचं हाय, तो म्हणते का तिच्याच हातचा नकाशा पायजे."

दुलीचंदने मान वळवून पाहिलं. संघमित्रा पलीकडेच बसली होती.

"मॅडम साइटवर गेल्या," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

"कोण होतं काकाजी?" तिने विचारलं.

"राँग नंबर," दुलीचंद म्हणाला, आणि पुढची फाइल उघडून अक्षरांची मापं पाहू लागला.